८६वी लेव्हल आणि लुडोचा फासा

हल्ली मावशीचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "अगं, ती अजून सोडत नाहीये मला." ती म्हणजे सून नव्हे. ती म्हणजे ८६वी लेव्हल. सुनेनेच महिन्यापूर्वी तिच्या मोबाइलवर फळं जुळवायचा एक नवा गेम टाकून दिला. आयुष्यभर महापालिकेत हिशेबाच्या वह्या तपासलेली माझी मावशी तेव्हापासून भांडुपच्या घरी खिडकीपाशी बसून आंबे, पेरू, जांभळं, डाळिंबं, द्राक्षं आणि कलिंगडाच्या फोडी तीन-तीनच्या ओळीत लावते. पहिल्या ८५ लेव्हल सरसर गेल्या. मग ही आली, आणि चार दिवस झाले तरी हलेना.

"हा मुद्दाम हरवतो," तिचं म्हणणं. "शेवटी एक पेरू उरतो. दर वेळी एकच! असला कसला योगायोग?"

मी दादरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवते. योगायोग हा शब्द कुणी उच्चारला की मला गप्प बसवत नाही. मीही तो गेम फोनवर घेतला (अभ्यासासाठी, अर्थात. सध्या ५३व्या लेव्हलवर अभ्यास अडलाय) आणि एका रविवारी आलेख कागद, रंगीत पेन्सिली आणि लुडोचा फासा पिशवीत टाकून भांडुपला गेले.

आधी हा खेळ आतून कसा चालतो ते. पट समजा आठ बाय आठचा, म्हणजे ६४ घरं. शेजारशेजारच्या दोन फळांची अदलाबदल करायची. आडवी किंवा उभी तीन सारखी फळं लागली की ती गायब. त्यांच्या वरची खाली घसरतात आणि वरून नवी पडतात. फोन एवढंच करतो: सगळ्या ओळी आणि सगळे रकाने तपासतो, तीन सारखी दिसली की काढतो, वरची खाली आणतो, रिकाम्या घरांत नवी भरतो आणि पुन्हा पहिल्यापासून तपासतो. काही सापडेनासं झालं की थांबतो आणि आपल्या बोटाची वाट बघतो. अदलाबदल करण्यासारखं पटावर काहीच उरलं नाही, तर सगळी फळं पत्त्यांसारखी पिसून पुन्हा मांडतो.

मुलुंडहून दादरला लेडीज डब्यात उभ्याने जाणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावायला नको. घाटकोपरला खिडकीकडच्या दोघी उठल्या की चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली आत सरकते. जिने मुलुंडलाच "कुठे उतरणार?" विचारून नंबर लावलेला असतो ती बसते, तिच्या जागी पॅसेजमधली येते, आणि दारात लटकलेल्या एकीला डब्यात नीट पाय ठेवायला मिळतो. दोघी उठल्या, जागा दहा जणींच्या बदलल्या. आता अशी कल्पना करा की त्या सरकासरकीत तीन पिवळे ड्रेस शेजारी शेजारी आले आणि तेही नियमाप्रमाणे गायब झाले. मग पुन्हा सरकासरकी. कधी कधी एका चालीत असं चार-पाच वेळा होतं, स्क्रीन थरथरते आणि आपण काहीच न करता पट साफ होतो. मावशी याला "लड लागली" म्हणते. फटाक्यांची लागते तशीच. खेळातला निम्मा आनंद या लडीत आहे, आणि लड लागणार की नाही हे बहुतांशी वरून काय पडतं त्यावर ठरतं.

लुडोचा फासा इथेच कामाला आला. फळं सहा, फाशाची तोंडं सहा. एक पडला की आंबा, दोन पडला की पेरू, असं ठरवून मावशी फासा टाकत गेली आणि मी आलेख कागदावर आठ बाय आठची घरं रंगवत गेले. ६४ वेळा फासा टाकायला फार वेळ लागत नाही. फक्त तो दोनदा सोफ्याखाली गेला आणि एकदा मावशीने "हा धरायचा नाही, माझा हात हलला" म्हणून भांडण काढलं. पट भरल्यावर आम्ही आयत्या लागलेल्या तीनच्या ओळी शोधल्या. तीन निघाल्या.

हिशेब असा. आठ घरांच्या एका ओळीत सलग तीन घरं सहा ठिकाणांपासून सुरू होऊ शकतात. आठ आडव्या ओळींत ४८ जागा, आठ उभ्या रकान्यांत आणखी ४८, एकूण ९६. प्रत्येक जागी पहिलं फळ कुठलंही चालेल. दुसरं तेच असण्याची शक्यता सहात एक, तिसरंही तेच असण्याची पुन्हा सहात एक. म्हणजे ३६त एक. ९६ला ३६ने भागलं की २.६७ येतात. सरासरीने अडीच-पावणेतीन ओळी, आणि आम्हाला मिळाल्या तीन. फासा प्रामाणिक होता.

मग मी म्हटलं, आता पाच आणि सहा पडले तर धरायचे नाहीत, पुन्हा टाकायचं. म्हणजे फळं चारच. पुन्हा ६४ घरं भरली. या वेळी कागद बघताक्षणी वेगळा दिसत होता. कुठेही नजर टाकली तरी एकाच रंगाचे पट्टे. मोजले तर सात ओळी आयत्या. गणित सांगतं ९६ भागिले १६, म्हणजे सरासरी सहा. फक्त दोन फळं कमी केली, तर आयत्या ओळी दुपटीहून जास्त झाल्या!

गेम पट मांडताना अशा आयत्या ओळी काढून टाकतो, नाहीतर आपण हात लावायच्या आधीच पट फुटायला लागेल. पण खेळताना वरून नवी फळं पडतात तेव्हा हीच शक्यता काम करते. आकडा हुबेहूब तोच नसेल, दिशा तीच. फळांचे प्रकार कमी असले की लड लागते, वाढले की लागत नाही. कँडी क्रश या याच जातीच्या गाजलेल्या गेममध्ये मूळ रंग सहा आहेत, आणि सोप्या लेव्हलमध्ये त्यातले चार-पाचच येतात. गॅसच्या बटणासारखं आहे हे. बटण किती फिरवलंय ते आपल्याला दिसत नाही, आपण नुसते भांड्यातल्या उकळीकडे बघतो.

दुसरं बटण मूव्हचं. २५ मूव्हमध्ये ३० पेरू गोळा करा, असं लेव्हल सांगते. ते २५ कुठून येतात? कुणी टेबलाशी बसून अंदाजाने लिहीत नाही. लेव्हल आधी संगणकाकडून हजारो वेळा खेळवून घेतात आणि बघतात, शंभरातून किती वेळा जमली. कँडी क्रश बनवणाऱ्या किंग कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर शोधनिबंधच लिहिला. खऱ्या खेळाडूंच्या चालींवरून संगणकाला माणसासारखं खेळायला शिकवायचं, मग लोकांपुढे न गेलेली नवी लेव्हल त्याच्याकडून खेळवून ती किती अवघड जाईल याचा अंदाज बांधायचा. लेव्हल बाहेर पडल्यावरही तिला हात लागतो. निम्म्या लोकांना २४ मूव्ह, निम्म्यांना २६, आणि कोण टिकतं, कोण कंटाळून गेम काढून टाकतं ते बघायचं. ही या धंद्यातली रोजची पद्धत आहे.

आता मावशीच्या तक्रारीकडे येते. समजा एखादी लेव्हल अशी बेतलीय की दहात एकदा जमावी. आणि सोयीसाठी असंही समजू की प्रत्येक डाव आधीच्या डावांपासून सुटा आहे, म्हणजे फाशाला मागचं काही आठवत नाही. माझ्या वर्गातली ६० मुलं ही लेव्हल खेळायला बसवली, सगळी सारखीच हुशार. पहिल्याच फटक्यात सरासरी सहा जण पास होतील. ते व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकतील. उरलेल्या ५४ पैकी पुढच्या डावात पाचेक सुटतील, मग आणखी थोडे. १० डाव झाल्यावर किती अडकलेले असतील? वर्गात विचारलं की मुलं हमखास "एकही नाही" म्हणतात. दहात एक शक्यता आणि दहा डाव, संपलं की! तसं नाही. हरायची शक्यता ०.९. तिला स्वतःशीच दहा वेळा गुणलं की साधारण ०.३५ येतात. म्हणजे २१ मुलं अजून तिथेच. २२ डाव झाल्यावरही सुमारे सहा जण अडकलेलेच राहतात.

ते सहा बघा. पहिल्या फटक्यात पास झालेले सहा आणि २२ वेळा बसूनही नापास झालेले सहा, या दोघांच्या डोक्यात काडीचा फरक नाही. पण पहिल्या सहांना वाटतं आपल्याला जमतं, आणि शेवटच्या सहांना वाटतं हा आपल्यावरच उठलाय. मावशी त्या शेवटच्या बाकावर बसली होती.

"म्हणजे मी ढ नाही?"

"नाहीस. आणि तुझी सून २०व्या डावाला सुटली म्हणून तीही शकुंतलादेवी नाही."

यातलं पहिलं वाक्य तिला फार पटलं नाही. दुसरं लगेच पटलं.

तरी "एकच पेरू" राहतोच. तो योगायोग नाही, इथे मावशीचं खरं आहे. मूव्हचा आकडा मुळात साधारण खेळाडू जिथे पोचतो त्याच्या आसपास ठेवलेला असतो. साहजिकच बरेचसे डाव काठावरच सुटतात किंवा बुडतात. ३५ टक्क्यांना पास असेल आणि वर्गातले बहुतेक जण तीस ते चाळीसच्या मध्ये गुण मिळवणारे असतील, तर "फक्त दोन मार्कांनी गेलो" म्हणणारे ढिगाने निघतील. तसंच हे. आणि काठावर हरणं सपशेल हरण्यापेक्षा वेगळं लागतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये कँडी क्रश खेळणाऱ्यांवरच हे तपासलं. थोडक्यात हुकलेल्या डावानंतर चिडचिड जास्त होते, आणि तरी, किंवा त्यामुळेच, पुन्हा खेळायची ओढही वाढते. सुटलेली लोकल आणि डोळ्यांदेखत सुटलेली लोकल यांत जो फरक आहे तोच. मिनिटं तितकीच वाया जातात, पण दुसरीमागे आपण धावतो.

नेमका त्याच क्षणी स्क्रीनवर प्रश्न येतो: पाच मूव्ह जास्त हव्यात? अमुक कॉइन. यात दोन युक्त्या आहेत. पहिली उघड आहे: भाव आपण हळहळत असताना सांगायचा. दुसरी कॉइनमध्ये दडलीय. मॉलच्या फूड कोर्टात पैसे भरून घ्यायचं कार्ड असतं ना, ज्यावर शेवटी ३५ रुपये उरतात आणि ३५ रुपयांत तिथे काहीच मिळत नाही, तसंच. कॉइनचा गठ्ठा एका मापाचा, वस्तूंचे भाव दुसऱ्याच मापाचे. थोडे उरतात आणि उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून आपण आणखी भरतो. शिवाय पेरूचे पाच मूव्ह रुपयांत केवढ्याला पडले हा भागाकार भर डावात कुणी करत नाही. हिशेबाच्या वह्या तपासणाऱ्या मावशीनेही नव्हता केला. मी कागदावर मांडला तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यात खरे पेरू आले असते." तेही मीठ-मसाला लावून.

याला जुगार म्हणावं का, असं लोक विचारतात. २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, पण त्यात पैसे परत मिळायची आशा असते. इथे मिळतो तो पेरू, आणि तोही स्क्रीनवरचा. मला मात्र कॉइनपेक्षा लाइफचा प्रकार जास्त चलाख वाटतो. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ असतात, हरलं की एक जाते आणि अर्ध्या तासाने एक परत येते. पाचही संपल्या तर पूर्ण भरायला अडीच तास. वरवर बघता हा आवर घालणारा नियम आहे. प्रत्यक्षात त्यामुळे कंटाळा येईपर्यंत खेळताच येत नाही. ताट अर्धं असतानाच कुणी उचलून नेतं, आणि मग दिवसभर डोकं स्वयंपाकघराकडेच. मावशीने तर कुकर लावायच्या वेळा लाइफवर बसवल्यात.

हे आजचं नाही. रंग जुळवायच्या या खेळाचं मूळ १९९४ मधल्या 'शारिकी' नावाच्या एका रशियन डॉस गेममध्ये सापडतं. २००१ मध्ये पॉपकॅप कंपनीच्या बिज्वेल्ड या गेमने तो जगभर नेला, आणि २०१२ मध्ये कँडी क्रश आधी फेसबुकवर आणि मग फोनवर आला. बिज्वेल्डमध्ये चाली संपेपर्यंत खेळता यायचं. ठरावीक मूव्ह, ठरावीक काम आणि नकाशावर पुढे पुढे जाणारी वाट ही मांडणी घराघरांत पोचवली ती कँडी क्रशने. मावशीचा गेम नवा असला तरी त्याची हाडं हीच, वर फळांची कातडी.

मग यात डोक्याचं काम काहीच नाही? आहे, आणि चांगलंच आहे. २०१४ मध्ये संशोधकांनी सिद्ध केलं की कँडी क्रश आणि बिज्वेल्डच्या जातीचे खेळ गणिताच्या भाषेत 'एनपी-हार्ड' आहेत. सोप्या शब्दांत सांगायचं तर, वरून काय काय पडणार हे सगळं आधी सांगितलं, तरी ठरावीक चालींत अमुक गुण होतील की नाही हे प्रत्येक वेळी झटपट सांगणारी युक्ती कुणालाही ठाऊक नाही. जूनमध्ये आमच्या क्लासचं वेळापत्रक करताना मी याच जातीच्या प्रश्नाशी झुंजते. फिजिक्सच्या सरांना मंगळवार नको, खोली एकच, बायोच्या मॅडम कल्याणहून येतात. एक घर हलवलं की चार बिघडतात. पटावर तेच, फक्त कुणी स्टाफरूममध्ये रुसत नाही.

प्रत्येक डाव अचूक सोडवता येत नाही म्हणून बरा खेळताही येत नाही असं नाही. मावशीचा डाव मी शेजारी बसून बघितला. पहिली चूक लगेच दिसली. तिच्यापुढे एका ओळीत होतं: पेरू, पेरू, जांभूळ, पेरू. तिने शेवटचा पेरू डावीकडे ओढला, तीन लागले, गायब. पण त्या जांभळाच्या बरोबर डोक्यावर चौथा पेरू बसला होता! तो खाली ओढला असता तर सलग चार लागले असते, आणि चार लागले की रॉकेट मिळतं, जे आख्खी ओळ किंवा रकाना साफ करतं. मूव्ह तेवढीच, एक. तीन दिसले की हात आपोआप जातो, तो क्षणभर आवरायचा आणि मधल्या परक्या फळाच्या वर-खाली नजर टाकायची, यावर माझे स्वतःचे कितीतरी डाव सुटलेत. दोन रॉकेटं किंवा रॉकेट आणि बॉम्ब शेजारी आले तर सुटे सुटे फोडू नयेत. एकमेकांत अदलाबदल केली की धमाका मोठा होतो.

दुसरी गोष्ट, कुठे खेळायचं. अगदी वरच्या ओळीत आडवे तीन जुळवले तर तीन नवी फळं पडतात आणि बाकी पट जागचा हलत नाही. तेच सगळ्यात खालच्या ओळीत जुळवले तर तीन रकान्यांतली सात-सात, म्हणजे २१ फळं एकेक घर खाली येतात आणि वर तीन नवी. जितक्या जास्त शेजारण्या बदलतील तितकी लड लागायची संधी जास्त. म्हणून सुरुवातीला खालून खेळावं. पण वर काही जमवून ठेवलं असेल, तर खालची चाल ते विस्कटू शकते. शेवटच्या चार-पाच मूव्ह राहिल्या की मी नशिबावर सोडत नाही, जे दिसतंय तेवढंच खेळते. आणि पटावर बर्फ, पेट्या, साखळ्या असे अडथळे असले की खाली-वर विसरून आधी त्यांच्या शेजारी. पटाचे बंद कोपरे उघडले नाहीत तर वरून पडलेलं फळ तिथे पोचणार कसं?

एवढं करून दहात एकची शक्यता दहात दोन झाली तरी पुष्कळ. २२ डावांनंतर अडकलेली मुलं मग ६० पैकी सहाऐवजी अर्धं मूलसुद्धा भरत नाहीत. अर्धं मूल म्हणजे काय, हे मावशीने विचारलंच. सरासरी, म्हटलं.

निघताना मी तिला एक काम दिलं. मुद्दाम हरवतो की नाही ते भांडून नाही, मोजून कळेल. कालनिर्णयच्या त्या महिन्याच्या पानामागे ती आता प्रत्येक डावाला एक रेघ ओढते, चार उभ्या आणि पाचवी आडवी, दुधाचा हिशेब ठेवतात तशी. काठावर हरली तर रेघेवर टिंब. कॉइन घ्यायचे नाहीत, अशी अट मी घातली नव्हती, तिनेच घातली. "नाहीतर आकडे खोटे पडतील ना."

गुरुवारी रात्री साडेनऊला फोन आला. मी कुर्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर होते, स्लो उशिरा होती. सुटली होती. पाच गठ्ठे आणि वर दोन रेघा, २७वा डाव. टिंबं अकरा.

"आणि ८७वी तर पहिल्याच डावात! बघ, आता माझा हात बसला."

तिने स्क्रीनशॉट पाठवला होता. मी बोटांनी मोठा करून बघितला. आंबा, पेरू, जांभूळ, कलिंगड. द्राक्षं नाहीत, डाळिंबं नाहीत. तेवढ्यात गाडी आली. "वा," एवढंच टाइप केलं आणि चढले.